दुसऱ्या गाडीशी अपघात: विम्याचा क्लेम नेमका कुठे अडतो

पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारी असेल, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही आपल्या कंपनीकडून मिळत नाही, चूक शंभर टक्के समोरच्याची असली तरी. हे बऱ्याच जणांना गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर कळतं. समोरच्याच्या विम्यातून भरपाई हवी असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. मुदत 6 महिने, आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात. पोलिसांचे कागद हातात पडले त्या दिवसापासून नाही. अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो, अपघाताच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

समोरच्याची पॉलिसी कुठून आणायची? तो दाखवत नसेल तर वाद घालू नका. गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो घ्या; नंबरावरून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची माहिती सापडते.

पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी असेल तर क्लेम आपल्याच कंपनीकडे. त्याच दिवशी फोन करून क्लेम नंबर घ्या. आरसी, लायसन्स, पॉलिसी, क्लेम फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट हे नेहमीचे कागद. कोणी जखमी असेल तर पोलिसांत नोंद हवीच.

क्लेम अडतो तो दोन गोष्टींवर. एक, सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस) येण्याआधीच गाडी खोलली जाते. गॅरेजवाला घाई करतो, जुना बंपर भंगारात जातो आणि सर्व्हेअरला दाखवायला काहीच उरत नाही. पाहणी होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त घातक. गाडी चालवत होता मुलगा, त्याच्या लायसन्सची मुदत संपलेली, म्हणून फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून वडिलांचं नाव लिहितात. पंचनाम्यात मात्र मुलाचंच नाव असतं. मग खोटी माहिती दिली म्हणून अख्खा क्लेम जातो. कृपा करून असं करू नका, कोणी कितीही सुचवलं तरी.

आणि रस्त्यावरच पैसे घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. आतला मार गॅरेजमध्ये गेल्यावरच दिसतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘बसत नाही’ म्हणून वाटेला लावतात, ते ऐकून घरी जायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.