प्रेसनोट देण्याआधी: चर्च कमिट्यांसाठी माहिती

चर्चच्या प्रेसनोटी, म्हणजे वर्तमानपत्रांना बातमीसाठी द्यायचा मजकूर, आम्ही शुल्क घेऊन नीट करतो आणि वर्तमानपत्रांपर्यंत पोचवतो. आमच्याकडे येणारे बहुतेक मसुदे पवित्र वचनाने सुरू होतात. पुढे प्रमुख पाहुणे, पाळकसाहेब, पंच कमिटी, महिला मंडळ, तरुण संघ अशी नावं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत हळूच कळतं की मंडळीने आपला हॉल रात्रीच्या मोफत अभ्यासवर्गासाठी उघडला आहे.

अहो, बातमी तीच आहे! जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. म्हणजे वर्ग जातो, नावं उरतात, आणि नुसती नावं कोणी छापत नाही. म्हणून कोण, काय, कधी, कुठे, कशासाठी हे सगळं पहिल्या परिच्छेदात हवं. नावं आम्ही खाली नेतो ती कुणाचा मान कमी करायला नव्हे. पण यावरून रुसवेफुगवे होतात, मसुदा कमिटीत फिरत राहतो आणि तोवर कार्यक्रम उरकलेला असतो. उरकलेल्या कार्यक्रमाला बातमीदार येत नाही. तेव्हा नावांचा क्रम आधी आपसांत ठरवा, मग आमच्याकडे या. मानाची यादी निमंत्रणपत्रिकेत शोभते. तीही आम्ही करून देतो.

वार्षिक स्नेहसंमेलन ही बातमी नाही, वाईट वाटून घेऊ नका. जो माणूस कधी चर्चमध्ये येत नाही त्याला काय वाचावंसं वाटेल, ते शोधा: रक्तदान, जुन्या ऑर्गनची दुरुस्ती, शतकभरापूर्वीची बाप्तिस्मा नोंदवही. नाताळ आणि ईस्टरला तर संपादकच विषय शोधत असतात. मात्र पुरवण्यांची पानं सणाच्या बरीच आधी भरतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येतो, त्यामुळे नुसतं ‘ईस्टरनिमित्त’ न लिहिता तारीख घाला.

फोटो पुष्पगुच्छांचा नको, काम करणाऱ्या माणसांचा द्या. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत आलेला फोटो छपाईत फुटतो. मूळ फाइल पाठवा. मुलं दिसत असतील तर पालकांची परवानगी घ्या. संपर्कासाठी फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर द्या, उपासनेत फोन बंद ठेवणाऱ्या पाळकांचा नको.

बातमी लागेलच अशी हमी आम्ही देत नाही. पैसे देऊन छापून येते ती जाहिरात. आमचं शुल्क मजकूर नीट करण्याचं, वर्तमानपत्रातल्या योग्य डेस्कपर्यंत (विभागापर्यंत) पोचवण्याचं आणि पाठपुराव्याचं. कच्चा मसुदा दोन आठवडे आधी पाठवा, हाताने लिहिलेला चालेल. वचन आम्ही गाळत नाही. पाळकांच्या तोंडच्या वाक्यात बसवतो.