सिलिंडरला घाम का येतो?

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात संध्याकाळी रस ऑम्लेटच्या गाड्यावर गर्दी उसळली की खाली ठेवलेला सिलिंडर जरूर पाहावा. खालचा भाग ओलाचिंब, वरचा कोरडा. पाणी बाहेरच्या हवेतलंच. पण ते पत्र्यावर जमतं आतल्या गॅसमुळे.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे गोव्याच्या उकाड्यात तो वायूच असायला हवा. पण ३० अंशांना वातावरणाच्या साधारण तिप्पट दाबाखाली तो द्रव होतो. एवढा दाब प्लॅस्टिकचा लायटरही पेलतो. त्यात हलताना दिसतो तो द्रव ब्युटेनच.

शेगडी पेटली की वायू बाहेर पडतो, आतला दाब उतरतो आणि द्रव उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि पत्र्यातून ओढून घेतो. द्रव असेल तिथवर पत्रा गार पडतो. आपली हवा, विशेषतः पावसाळ्यात, इतकी दमट असते की पत्रा चार-पाच अंशांनी निवला तरी त्यावर दव धरतं. ओलीची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी! घरोघरी ओलं फडकं फिरवून गॅस किती उरला ते पाहतात, ती युक्ती मला फार शास्त्रशुद्ध वाटते: रिकामा पत्रा लवकर तापून सुकतो, द्रवाला टेकलेला ओलाच राहतो.

संपत आलेला सिलिंडर आडवा करण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. मग झडपेतून वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि त्याचा वायू होताना आकारमान दोनशे पटींहून अधिक वाढतं. ज्योत भडकते ती त्यामुळे.

उष्णता ओढून घेण्याचा हाच गुण फ्रिजमध्ये कामी येतो. बऱ्याच नव्या फ्रिजवर ‘आर-६००ए’ असं लिहिलेलं असतं; तो ब्युटेनचाच भाऊ, आयसोब्युटेन. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंसारखा तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. जळाऊ असला तरी एका फ्रिजमध्ये तो अगदी थोडाच भरतात.

ब्युटेन हवेच्या दुप्पट जड. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच; आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. तो आला तर बटणं, पंखे यांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, जमिनीपर्यंतची दारं आधी उघडावीत आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.