बारावीला मार्क कमी, आता कॉलेज बदलता येईल का?

वणीला बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं आणि आता वरोऱ्याला बहिणीकडे राहून पुढचं शिकायचं आहे. एसटीनं जाऊन-येऊन करता येईल एवढंच अंतर; पण वर्धा नदी ओलांडली की विद्यापीठ बदलतं. वणी अमरावती विद्यापीठात, वरोरा गोंडवाना विद्यापीठात. घरचे मात्र वेगळंच विचारतात, "बारावीला बावन्न टक्केच होते ना, घेतील का?"

त्या बावन्न टक्क्यांची काळजी सोडा. बारावीची टक्केवारी मुख्यतः पहिल्या वर्षाच्या मेरिट लिस्टला लागते. दुसऱ्या वर्षाला जाताना आधी पाहतात ते पहिल्या दोन सेमिस्टरचा निकाल, मागे राहिलेले पेपर आणि तिकडे रिकामी जागा. बारावीचं मार्कशीट तरीही जोडावंच लागतं, कारण पात्रता त्यावरूनच तपासतात. कला शाखेतून बारावी केलेल्याला नव्वद टक्के असले तरी नेहमीच्या बीएस्सीला त्यांचा उपयोग नाही. शाखा बदलून पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं असेल, तर मात्र बारावीचे मार्क परत मोजले जातात. इंजिनिअरिंग-फार्मसीचे नियम वेगळे, ते इथे धरलेले नाहीत.

खरी अडचण विषयांची. इकडे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स आणि तिकडे फक्त केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी असेल, तर प्राचार्यांनाही काही करता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आल्यापासून हे जास्तच जाणवतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या सिलॅबसची प्रत सोबत न्या. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट तुमच्या एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर, जमा झालेत का, हे डिजिलॉकरमध्ये पाहून घ्या. नसतील तर जुन्या कॉलेजच्या मागे लागा.

पुसदहून यवतमाळला जाणाऱ्याचं सोपं, कारण विद्यापीठ एकच. दोन्ही कॉलेजांची एनओसी, टीसी, मार्कशीट आणि विद्यापीठ मागेल ती परवानगी, एवढ्यात भागतं. विद्यापीठ बदलणाऱ्याला यात मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाचा पात्रता अर्ज वाढतो. दहावी-बारावीचे मार्कशीट, दोन्ही सेमिस्टरचे निकाल, आधार, फोटो हे नेहमीचंच. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

टीसी घाईनं काढू नका. आधी नव्या कॉलेजकडून जागा देतो असं लेखी घ्या, मगच जुन्या कॉलेजात अर्ज टाका. टीसी निघाली आणि तिकडची जागा भरली, तर पोरगं दोन्हीकडून जातं. जुनं कॉलेज परत घेईलच असं नाही. मूळ टीसी एकदा जमा केली की सहसा हाती येत नाही, म्हणून तीन-चार झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

शिष्यवृत्ती घेत असाल तर महाडीबीटीवर जुन्या कॉलेजच्या नावाचा अर्ज कुठवर आला, ते टीसी मागण्याआधीच तिथल्या बाबूंना विचारून घ्या. नंतर त्याच टेबलाशी फक्त तेवढ्यासाठी जावं लागतं, आणि गावाहून एका फेरीत अख्खा दिवस मोडतो.