व्ह्यू

व्ह्यू हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात कधीच मुरला आहे. मात्र धंदा बदलला की त्याचा अर्थ बदलतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो चांगलाच काटेकोर असतो. ड्रॉइंग ऑफिसात व्ह्यू म्हणजे वस्तूची एका ठरलेल्या दिशेने काढलेली आकृती. डेटाबेसमध्ये व्ह्यू म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेली क्वेरी, म्हणजे माहिती मागवणारी आज्ञा. व्हिडिओच्या खाली तो एक आकडा असतो, तर फ्लॅटच्या जाहिरातीत खिडकीबाहेरचा देखावा. या नोंदीत पहिल्या दोन अर्थांना जास्त जागा दिली आहे, कारण तिथे व्ह्यू चुकीचा वाचला तर तयार झालेला माल भंगारात जातो किंवा नोंदी बिघडतात.

अभियांत्रिकी ड्रॉइंगमधील व्ह्यू

घन वस्तू सपाट कागदावर मापासकट उतरवायची, तर एक चित्र पुरत नाही. म्हणून वस्तूकडे एकमेकांशी काटकोनात असलेल्या दिशांनी पाहून स्वतंत्र आकृत्या काढतात. समोरून दिसते तो फ्रंट व्ह्यू किंवा एलेव्हेशन, वरून दिसतो तो टॉप व्ह्यू किंवा प्लॅन आणि बाजूने दिसतो तो साइड व्ह्यू. या रीतीला शास्त्राची बैठक दिली फ्रेंच गणिती गास्पार मोंज (१७४६–१८१८) यांनी. मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्लेबांधणीचे प्रश्न सोडवताना त्यांनी ही पद्धत बसवली. लष्कराने ती बरीच वर्षे गुप्त राखली आणि १७९५ मध्ये पॅरिसमधल्या मोंज यांच्या व्याख्यानांतून ती सर्वांसमोर आली.

व्ह्यू कागदावर कुठे मांडायचे याचे दोन रिवाज आहेत. फर्स्ट अँगलमध्ये पाहणारा आणि प्रतल (ज्यावर आकृती उमटते ती कल्पित सपाटी) यांच्या मधे वस्तू असते. त्यामुळे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये प्रतल मधे असते, म्हणून टॉप व्ह्यू वर आणि डाव्या बाजूचा व्ह्यू डावीकडेच. भारतीय मानक ब्यूरोची शाळा-महाविद्यालयांसाठीची पुस्तिका एसपी ४६ फर्स्ट अँगल वापरायला सांगते आणि युरोपातही तोच रूढ आहे. अमेरिका, कॅनडा आणि जपान थर्ड अँगल वापरतात. सेकंड आणि फोर्थ अँगल कोणीच वापरत नाही, कारण आडवे प्रतल फिरवून सपाट केले की दोन्ही व्ह्यू एकमेकांवर येतात.

कोणता रिवाज वापरला आहे ते टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतल्या, छोट्या चिन्हावरून कळते. हे चिन्ह म्हणजे टोक कापलेल्या शंकूचे दोन व्ह्यू. फर्स्ट अँगलमध्ये समलंब चौकोन डावीकडे आणि एकात एक दोन वर्तुळे उजवीकडे असतात. थर्ड अँगलमध्ये वर्तुळे डावीकडे येतात. पुणे-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये भारतीय आणि परदेशी अशी दोन्ही प्रकारची ड्रॉइंग एकाच टेबलावर येऊ शकतात. चिन्ह न पाहता थर्ड अँगलचे ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचले, तर उजव्या अंगावरचे आटे डाव्या अंगावर पडतात आणि तयार होतो तो आरशातला जॉब. वस्तू दोन्ही अंगांनी सारखी असेपर्यंत ही चूक लपून राहते, म्हणूनच ती धोक्याची. पडताळणीचा एक सोपा नियम आहे. फर्स्ट अँगलमध्ये टॉप आणि साइड व्ह्यूची जी कड फ्रंट व्ह्यूपासून लांब असते, ती वस्तूची पुढची कड. थर्ड अँगलमध्ये जवळची कड ही पुढची कड. हा नियम हाताशी असला की व्ह्यूंची नावे लिहिलेली नसली तरी अडत नाही.

काढताना आधी फ्रंट व्ह्यूची दिशा ठरवावी. ज्या बाजूने आकार सर्वांत जास्त कळतो आणि लपलेल्या कडा सर्वांत कमी येतात, ती दिशा घ्यावी. मग जागेचा हिशेब करावा. समजा ठोकळा ८० मिमी लांब, ५० मिमी रुंद आणि ६० मिमी उंच आहे आणि व्ह्यूंमध्ये ३० मिमी अंतर ठेवायचे आहे. तर आडवी जागा ८० + ३० + ५० म्हणजे १६० मिमी लागते आणि उभी ६० + ३० + ५० म्हणजे १४० मिमी. ए३ कागद ४२० × २९७ मिमीचा असतो. समास आणि टायटल ब्लॉक सोडूनही १:१ प्रमाणात सगळे बसते आणि मापांसाठी जागा उरते. हा हिशेब न करता कोपऱ्यातून सुरुवात केली की साइड व्ह्यू कागदाबाहेर जायला लागतो. परीक्षेत वेळ खाणारी ही नेहमीची चूक आहे.

तीनही व्ह्यूंच्या चौकटी आधी २एच पेन्सिलने फिक्या आखाव्यात आणि मग तिन्ही एकत्र पुढे न्यावेत. एक पूर्ण करून दुसरा हाती घेण्याची सवय वाईट, कारण एका व्ह्यूत कळलेली कड दुसऱ्यात राहून जाते. टॉप व्ह्यूमधली रुंदी साइड व्ह्यूत नेताना पट्टीने पुन्हा मोजू नये. ४५ अंशाच्या तिरप्या रेषेपर्यंत आडव्या रेषा न्याव्यात आणि तिथून उभ्या चढवाव्यात. पुन्हा मोजले की अर्धा-एक मिलीमीटर सरकतोच. दिसणाऱ्या कडा जाड व सलग, लपलेल्या कडा बारीक तुटक आणि मध्यरेषा बारीक लांब-तोकड्या तुकड्यांची काढतात. दोन रेषा एकाच जागी आल्या तर दिसणारी कड जिंकते, नंतर लपलेली आणि शेवटी मध्यरेषा.

आतली रचना गुंतागुंतीची असेल, तर तुटक रेषांचे जाळे वाचण्याजोगे राहत नाही. तिथे सेक्शनल व्ह्यू काढतात. वस्तू एका कल्पित प्रतलाने कापली असे धरून कापलेल्या भागावर ४५ अंशाच्या बारीक समांतर रेषा म्हणजे हॅचिंग करतात. जोडलेला दुसरा भाग उलट दिशेने हॅच करावा. शाफ्ट, बोल्ट, नट, रिव्हेट, चावी (चाक शाफ्टवर पक्के करणारा तुकडा) आणि रिब (आधारासाठीची पातळ पट्टी) लांबीत कापले गेले तरी त्यांवर हॅचिंग करत नाहीत. रिब हॅच केली तर वाचणाऱ्याला तिथे भरीव ठोकळा आहे असे वाटते आणि पॅटर्न बनवणारा तसाच साचा करतो.

डेटाबेसमधील व्ह्यू

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याची रीत, मांडले. त्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल भाषेत व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी. व्ह्यूमध्ये माहिती नसते. दर वेळी तो उघडला की मूळ टेबलवर क्वेरी चालते आणि ताजे उत्तर येते.

उदाहरणार्थ, एखाद्या पतसंस्थेच्या सभासद टेबलमध्ये नाव, शाखा, फोन, आधार क्रमांक आणि शिल्लक असे कॉलम आहेत. साताऱ्याच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला आधार क्रमांक दिसण्याचे कारण नाही. अशा वेळी नाव, शाखा आणि शिल्लक एवढेच कॉलम आणि ‘शाखा = सातारा’ ही अट घेऊन व्ह्यू तयार करतात. कर्मचाऱ्याला मूळ टेबलवर कोणताही अधिकार न देता फक्त व्ह्यूवर देतात. हा व्ह्यूचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे आणि आपल्याकडच्या छोट्या संस्थांनी तो जास्त करायला हवा.

व्ह्यूमधून नोंद बदलता येते, पण तो एकाच टेबलवर उभा असेल आणि त्यात बेरीज, सरासरी, गट पाडणे किंवा डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणे) नसेल तरच ते सरळ जमते. बेरीज दाखवणाऱ्या ओळीत आकडा बदलला तर मूळ कोणती नोंद बदलायची, हे डेटाबेसला ठरवता येत नाही. आणखी एक खाच आहे. वरच्या उदाहरणात शाखेचे नाव बदलून कराड केले, तर बदल मान्य होतो आणि ती ओळ कर्मचाऱ्याच्या व्ह्यूमधून नाहीशी होते. हे टाळायला व्ह्यू करतानाच ‘विथ चेक ऑप्शन’ लावावे. मग अट मोडणारा बदल नाकारला जातो.

व्ह्यूच्या व्याख्येत कॉलमची नावे न लिहिता तारांकन (*, म्हणजे ‘सगळे कॉलम’) टाकणे घातक. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेस प्रणालींत व्ह्यू करतानाचे कॉलम गोठतात. टेबलला नंतर जोडलेला कॉलम व्ह्यूत येत नाही आणि कारण शोधण्यात वेळ जातो. व्ह्यूच्या आत लावलेल्या क्रमावरही विसंबू नये. क्रम हवा असेल तर व्ह्यू वापरणाऱ्या क्वेरीत लावावा. व्ह्यूवर व्ह्यू असे चार-पाच थर चढले की क्वेरी मंदावते आणि नेमकी कुठे मंदावते ते सापडत नाही.

मटेरिअलाइज्ड व्ह्यू हा प्रकार निराळा आहे. त्यात उत्तर खरोखर साठवलेले असते, म्हणून मोठे अहवाल झटकन निघतात. मात्र रिफ्रेश करेपर्यंत आकडे जुनेच राहतात. पोस्टग्रेसमध्ये साधे रिफ्रेश चालू असताना वाचणाऱ्यांना थांबावे लागते. तसे नको असेल तर ‘कन्करंटली’ वापरतात आणि त्यासाठी त्या व्ह्यूवर युनिक इंडेक्स (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी सूची) असणे बंधनकारक आहे.

प्रोग्रामिंगमध्येही व्ह्यू आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली. तिच्यात पडद्यावर दिसणारा भाग म्हणजे व्ह्यू. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये मात्र व्ह्यू म्हणजे मागणी घेऊन उत्तर परत करणारे फंक्शन, आणि दिसणाऱ्या भागाला टेम्प्लेट म्हणतात. एकीकडून दुसरीकडे येणारे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.

मोजणीचा व्ह्यू

संकेतस्थळाचे पेज व्ह्यू आणि वाचकसंख्या एक नव्हे. एकाच माणसाने पान पाच वेळा उघडले तर पेज व्ह्यू पाच होतात. यूट्यूबचा आकडा पूर्वी तपासणीसाठी ३०१ वर अडकत असे. २०१५ मध्ये हा प्रकार बंद झाला. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याने ३२ बिटांच्या मोजणीची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडली आणि यूट्यूबला ६४ बिटांची मोजणी आणावी लागली. शॉर्ट्ससाठी ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, पुन्हा चालला तर पुन्हा. त्यामुळे या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शॉर्ट्सचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

कॅमेरा, रस्ता आणि खिडकी

कॅमेऱ्यात किती रुंद दिसेल ते अँगल ऑफ व्ह्यू सांगतो. ३६ मिमी रुंद सेन्सरवर ५० मिमीची लेन्स आडवे सुमारे ४० अंश दाखवते आणि २४ मिमीची सुमारे ७४. तीच ५० मिमीची लेन्स २३.५ मिमी रुंदीच्या लहान सेन्सरवर लावली तर सुमारे २६.५ अंश उरतात. म्हणून लहान सेन्सरचा कॅमेरा घेऊन घरातले कार्यक्रम टिपणाऱ्यांना भिंतीला पाठ टेकूनही सगळे लोक चौकटीत घेता येत नाहीत. त्यांनी १६ ते १८ मिमीची लेन्स पाहावी.

गूगलचा स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. भारतात २०११ चा प्रयत्न बंगळूरमध्ये पोलिसांनी थांबवला. पुढे जुलै २०२२ मध्ये जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांनी घेतलेल्या छायाचित्रांवर तो १० शहरांत आला. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातली चार होती.

घराच्या व्यवहारात सी व्ह्यू, हिल व्ह्यू, गार्डन व्ह्यू यांसाठी जास्त पैसे मोजले जातात, पण समोरचा मोकळा प्लॉट मोकळाच राहील याची हमी त्यात नसते. इंग्लंडमध्ये १६१० च्या आल्ड्रेड खटल्यात न्यायालयाने देखावा ही आनंदाची बाब मानली, गरजेची नाही, आणि तो अडवला म्हणून दावा चालत नाही असे ठरवले. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ मध्ये इमारतीला २० वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेड-हवेचा उल्लेख आहे, देखाव्याचा नाही. म्हणून व्ह्यूसाठी जादा रक्कम देण्यापूर्वी समोरच्या भूखंडाचा विकास आराखड्यातला वापर आणि त्यावरचे आरक्षण पाहावे. नियोजित रस्त्याची रुंदीही पाहावी, कारण समोर किती उंच इमारत उठू शकते ते बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.