पट्टी उतरली म्हणजे गायक संपला?

'म्हातारा रॉक गायक पट्टी उतरवून गातो, म्हणजे आवाज गेला,' असं नेहमी फिरतं. (पट्टी म्हणजे गाण्याचा 'सा' ज्या उंचीवर धरतात ती.) तसं वाटणं साहजिक आहे. कानात त्याचं पंचविशीतलं रेकॉर्डिंग बसलेलं असतं. पण वयानुसार स्वरतंतू कमी लवचीक होतात, वरचे सूर आधी अवघड जातात. मग गिटारच्या तारा अर्धा-एक स्वर उतरवतात. आपल्याकडेही गायकाच्या सोयीची पट्टी धरतातच की! दादर-परळच्या घरात माळ्यावर बाजाची पेटी (हार्मोनियम) असेल तर काढा. मूळ गाण्याचा षड्ज, म्हणजे 'सा', पांढरी तीनवर (पेटीच्या सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर) आणि आताच्या व्हिडिओत पांढरी दोनवर सापडला, तर फरक एका स्वराचा. (जुन्या टेपचा वेग कमीजास्त असे, म्हणून मूळ षड्ज दोन पट्ट्यांच्या मधेही सापडेल.) आता ऐका, खालच्या पट्टीत सूर नेमका लागतोय का? आवाजाची खरी अवस्था तिथे कळते.