वर्गणीचे संगणक

स्वयंसेवी वितरित संगणनाच्या (एक मोठे गणित अनेकांच्या संगणकांवर वाटून करण्याच्या) प्रकल्पांसाठी अनेकांनी पैसे एकत्र करून उभारलेली, सामायिक मालकीची, रात्रंदिवस चालणारी यंत्रे. क्रंचिंग, म्हणजे अशी गणिते यंत्रावर चालवण्याचे काम, करणाऱ्यांच्या बोलीत अशा यंत्राला ‘रिग’ म्हणतात आणि चार-सहा रिग एका जागी आले की त्याचा ‘फार्म’ होतो.

स्वयंसेवी संगणनाचे मूळ मागणे याच्या उलट होते. घरातला संगणक तसाही चालू असतो, मालक जेवायला उठला की प्रोसेसर रिकामा बसतो. तेवढा वेळ विज्ञानाला द्यावा, एवढेच. मर्सेन मूळसंख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या) शोधणारा जिंप्स १९९६ मध्ये याच तत्त्वावर सुरू झाला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १७ मे १९९९ रोजी निघालेल्या सेटी ॲट होमने तर परग्रहावरील बुद्धिमान सजीवांच्या संकेतांसाठी रेडिओ दुर्बिणीची विदा (डेटा) तपासणारा स्क्रीनसेव्हरच वाटला. त्यापुढच्या वर्षी स्टॅनफर्डहून प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा फोल्डिंग ॲट होम आला. केलेल्या कामाच्या गुणांचे तक्ते आणि सहभागींचे संघ आले तशी चढाओढ लागली आणि रिकाम्या वेळाच्या जागी फक्त याच कामासाठी यंत्रे घेणे सुरू झाले. पुढे बरेचसे काम ग्राफिक कार्डांवर गेले. कार्डाची किंमत, आवाज आणि उष्णता एका घराला झेपेनाशी झाल्यावर वर्गणी हा मार्ग उरला.

पैशाच्या बळावर उभारलेले यंत्र आणि विखुरलेले स्वयंसेवक यांची सर्वांत गाजलेली जोडी मात्र विज्ञानातली नव्हे, सांकेतिक लेखनातली आहे. देणग्यांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरच्या आत ‘डीप क्रॅक’ हे यंत्र बांधले. त्यात २९ पट्ट्यांवर प्रत्येकी ६४ अशा १,८५६ चिप होत्या. ‘डीईएस’ या सांकेतिक लेखनपद्धतीची गुप्त किल्ली त्याने ५६ तासांत शोधली. जानेवारी १९९९ मध्ये डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेट या स्वयंसेवी जाळ्याचे सुमारे एक लाख संगणक त्याच्या जोडीला आले तेव्हा हेच काम २२ तास १५ मिनिटांत झाले. अशा सामायिक कामाला बक्षीस मिळाले तर त्याची वाटणी आधीच ठरवून ठेवणे का बरे, हे जिंप्सच्या उदाहरणातून दिसते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गणित विभागाच्या संगणकांवर २००८ मध्ये एक कोटीहून अधिक अंकांची मूळसंख्या सापडली. तिच्यासाठी मिळालेल्या एक लाख डॉलरच्या बक्षिसापैकी निम्मे विभागाला, २५ हजार धर्मादाय कामाला आणि उरलेले मुख्यतः इतर शोधकांना, हे जिंप्सच्या नियमांत होते. म्हणून वादाला जागा उरली नाही.

हिशेब

वर्गणी गोळा करणारे बहुतेक गट यंत्राची किंमत मोजतात आणि तिथेच थांबतात. खरा खर्च विजेचा आहे. भिंतीवरच्या प्लगमधून ४०० वॅट ओढणारे एक यंत्र दिवसाला ९.६ आणि वर्षाला ३,५०४ युनिट खाते. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ३५,०४० आणि तीन वर्षांचे १,०५,१२० रुपये झाले. म्हणजे लाखभरात उभे केलेले यंत्र तिसऱ्या वर्षाअखेर विजेपोटी स्वतःची किंमत पुन्हा एकदा खाऊन बसते. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घरात हे यंत्र ठेवले की वापर साडेपाचशेच्या आसपास जातो आणि वाढीव युनिटना वरच्या टप्प्यांचा दर लागतो. यजमानाला, म्हणजे ज्याच्या घरी यंत्र आहे त्याला, भरपाई द्यायची ती त्या वरच्या दराने. घराच्या सरासरी दराने दिली तर तो दरमहा पदरचे घालत राहतो आणि सहा महिन्यांत यंत्र ‘सध्या बंद’ होते. अंदाज नको म्हणून यंत्राच्या प्लगलाच स्वतंत्र मीटर लावतात.

यावरून वर्गणीचा साधा नियम निघतो : जमलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त यंत्रावर घालू नये आणि किमान एका वर्षाची वीज आधी बाजूला काढावी. एकदाच मोठी वर्गणी मागण्यापेक्षा भिशीसारखी दरमहा छोटी रक्कम जास्त टिकते, कारण बिलही दरमहाच येते. लेखी चार गोष्टी हव्यात. यंत्र कोणाच्या घरी राहील, खरेदीची पावती कोणाच्या नावावर असेल (वॉरंटी त्यावरच मिळते), मध्येच सोडणाऱ्याला काय मिळेल आणि प्रकल्प बंद पडला तर यंत्राचे काय करायचे.

शेवटचा मुद्दा कागदी वाटतो, पण नेमका तोच नडतो. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० ला नवे काम वाटणे थांबवले. आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्कीवे ॲट होमचे उदाहरण अधिक बोचरे आहे. त्याच्या एका कामाला दुहेरी अचूकतेचे (जास्त अंकांपर्यंत बिनचूक) गणित लागे आणि २०१२ च्या सुमाराची काही एएमडी कार्डे त्यात फार पुढे होती. नंतरच्या गेमिंग कार्डांत ही क्षमता जाणूनबुजून कमी ठेवलेली असते. त्यामुळे जुनी, वीज पिणारी कार्डे मुद्दाम शोधून घेतली गेली. २०२३ मध्ये ते काम संपले, प्रकल्पात फक्त प्रोसेसरवरचे काम उरले आणि ती कार्डे इतरत्र परवडेनाशी झाली. एकाच प्रकल्पासाठी यंत्र बेतू नये, हा यातला व्यवहार आहे.

उभारणी

आधी प्रकल्प, मग सुटे भाग. फोल्डिंग ॲट होम आणि आइन्स्टाइन ॲट होम यांना ग्राफिक कार्ड उपयोगी. आइन्स्टाइन ॲट होम गुरुत्वीय लहरींच्या लायगो वेधशाळांची विदाही चाळतो. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. प्रथिनांच्या रचनेवरील रोझेटा ॲट होमचे काम प्रोसेसरवर चालते आणि तिथे रॅम तोकडी पडते. प्रोसेसरच्या चालू ठेवायच्या प्रत्येक धाग्यामागे (एका वेळी चालणाऱ्या एका कामामागे) २ जीबी धरली तर अडचण येत नाही. जुने सर्व्हर स्वस्तात मिळतात, प्रोसेसरचे गाभेही (कोअर) भरपूर असतात, पण तेवढेच काम नवा डेस्कटॉप प्रोसेसर निम्म्याहून कमी विजेत करू शकतो. फुकट मिळालेला सर्व्हर हा बहुधा पांढरा हत्तीच.

एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) निवडताना सतत चालणारा भार मोजावा. ३२० वॅटचे कार्ड, १२० वॅटचा प्रोसेसर आणि बाकीचे ५० मिळून ४९० होतात. त्याला ८५० वॅटचा, ‘८० प्लस गोल्ड’ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस घ्यावा. निम्म्या-पाऊण भारावर तो चांगली कार्यक्षमता देतो आणि पंखाही शांत राहतो. कार्डाला दोन आठ-पिनी जोड असतील तर दोन वेगळ्या केबल लावाव्यात. एकाच केबलची दोन तोंडे वापरली की ती तापते. नव्या कार्डांचा सोळा-पिनी (१२+४) जोड तळापर्यंत बसला नाही तर प्लास्टिक वितळू शकते. कॅबिनेटची बाजू लावण्यापूर्वी तो बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावा.

घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॅटचा. सतत भारासाठी त्यातले ८० टक्केच धरावेत. दोन यंत्रे एका स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर लावली की आधी बोर्डाची पट्टी काळी पडते, एमसीबी नंतर पडतो. दुसरे यंत्र आले की १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि खात्रीचे अर्थिंग हवेच. यूपीएस दिवसभर चालवण्यासाठी नसतो. पाच मिनिटांत यंत्र नीट बंद करता यावे एवढाच.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता खोलीत पडते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. म्हणजे एक किलोवॅटच्या फार्ममागे एसीला आणखी तीनेकशे वॅट लागतात. युरोपातल्या हिवाळ्यात तीच खोली फुकट ऊबदार होते, विदर्भातल्या मे महिन्यात मात्र यंत्र सरळ बंद ठेवणे स्वस्त पडते. कोकणात दमट हवेने पंख्यांची बेअरिंगे आणि जोडांचे धातू आधी जातात.

कार्डाची वीजमर्यादा ७०-८० टक्क्यांवर आणली तर काम साधारण दहाएक टक्क्यांनीच घटते. वर्गणीच्या यंत्रासाठी याहून चांगली दुसरी एकही गोष्ट करता येत नाही.

जोडणी आणि खाते

बॉइंक या अनेक प्रकल्पांच्या सामायिक प्रणालीत यंत्र प्रकल्पाला जोडताना पासवर्ड न देता खात्याची ‘दुबळी किल्ली’ द्यावी. तिने यंत्र जोडता येते, खात्यात फेरफार करता येत नाहीत. यजमान बदलला तरी धोका नाही. गुणांचे एकक कॉबलस्टोन. सेकंदाला एक अब्ज चल-दशांश (फ्लोटिंग पॉइंट) गणिती क्रिया करणारे यंत्र दिवसाला २०० मिळवते. सदस्याने संघ सोडला तरी आधी मिळवलेले गुण संघाकडेच राहतात, म्हणून सामायिक यंत्राचे वेगळे खाते काढून ते संघात घालणे सोयीचे. फोल्डिंग ॲट होममध्ये लवकर परत केलेल्या कामाला जादा गुण मिळतात, पण त्यासाठी पासकी (सदस्याची ओळख पटवणारी किल्ली) लागते, तिच्यावर आधी दहा कामे पूर्ण व्हावी लागतात आणि यशाचे प्रमाण ८० टक्क्यांवर राहावे लागते. एकच पासकी दहा यंत्रांना दिली आणि त्यातले एक बिघडलेले असले तर दहाही यंत्रांचे जादा गुण जाऊ शकतात.

एकसारखी अनेक यंत्रे करायची तर डिस्कची प्रत बॉइंक जोडण्याआधी काढावी. नंतर काढली तर दोन यंत्रे सर्व्हरकडे एकाच ओळखीने जातात आणि कामांचा घोळ होतो. कामाचा साठा अर्ध्या दिवसाचाच ठेवावा. पाच दिवसांचा भरून ठेवला आणि दोन दिवस वीज गेली की मुदत उलटते आणि तीच कामे दुसऱ्याला पुन्हा करावी लागतात. प्रत्येक ग्राफिक कार्डामागे प्रोसेसरचा एक धागा रिकामा सोडला नाही तर महागडे कार्ड कामाची वाट पाहत बसते.

बिघाड

सर्वांत जास्त गोंधळ वीज जाऊन परत येण्याने होतो. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय निवडलेला नसेल तर यंत्र बंदच राहते. ते सुरू झाले तरी एनव्हिडिया कार्डावर लावलेली वीजमर्यादा पुसली जाते. म्हणजे पहाटे तीनला वीज आली की कार्ड पूर्ण ताकदीने धावू लागते आणि महिन्याच्या बिलावर ते कळते. मर्यादा लावणारी आज्ञा प्रत्येक सुरुवातीला आपोआप चालेल अशी सोय करणे हाच उपाय. लिनक्सवर कधी बॉइंक सेवा कार्डाच्या ड्रायव्हरआधी जागी होते. मग कामांपुढे ‘जीपीयू मिसिंग’ (ग्राफिक कार्ड सापडत नाही) असे दिसते आणि यंत्र चालू असूनही काम शून्य. ती सेवा अर्ध्या मिनिटाने उशिरा सुरू केली की प्रश्न मिटतो.

चुकीची उत्तरे हा बिघाड दिसत नाही. वेग ताणलेली कार्डे किंवा सदोष रॅम गणित चुकवतात, यंत्र मात्र ठणठणीत वाटते. अनेक प्रकल्प एकच काम दोन यंत्रांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. न जुळणारे बाद. अवैध कामांचे प्रमाण शेकड्याला एकाच्या वर गेले की आधी वेग मूळ ठेवणीवर आणावा, मग रात्रभर रॅम तपासावी, मग धूळ झाडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलावी. हा क्रम उलटा केला की रविवार वाया जातो.

यंत्र मोडीत काढताना ‘नवे काम नको’ करून हातातली कामे संपवावीत आणि उत्तरे सर्व्हरवर पोचल्याचे पाहावे. मगच प्रकल्पातून यंत्र सोडवावे, खात्याच्या किल्ल्यांसह डिस्क पुसावी. कार्ड विकताना ते सतत चालवलेले होते हे सांगावे. नवे पंखे आणि पेस्ट घालून दिले तर भाव पडत नाही. उरलेले बोर्ड आणि एसएमपीएस भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत, आणि विक्रीचे पैसे वर्गणीच्या प्रमाणात परत करावेत किंवा सर्वांच्या लेखी संमतीने प्रकल्पाला देणगी म्हणून पाठवावेत.