उघड्या राहिलेल्या जागा : मध्ययुगीन युरोपातील शस्त्रे आणि चिलखते

इंग्लंडवरील नॉर्मन स्वारीची आणि १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणारी, बाय्यो या फ्रेंच गावाच्या नावाने ओळखली जाणारी भरतकामाची एक पट्टी आहे. तिची लांबी सुमारे ७० मीटर. तिच्यात जहाजांवर सामान चढवण्याचे एक दृश्य येते, आणि त्यात दोन-दोन माणसे बाह्यांतून काठी घालून एकेक चिलखत खांद्यावर वाहून नेताना दिसतात. अंगात घातलेले चिलखत जितके जड वाटत नाही, तितके ते उचलून नेताना वाटते, हे त्या भरतकाम करणाऱ्या हातांना चांगले ठाऊक असावे. पट्टीच्या शेवटाकडे, खालच्या किनारीत, लढाई अजून चालू असतानाच मेलेल्या सैनिकांच्या डोक्यावरून त्यांची चिलखते ओढून काढली जात आहेत. मध्ययुगीन युद्धसामग्रीकडे पाहण्यासाठी ही दोन दृश्ये सोयीची आहेत, कारण चिलखत ही वजनाची आणि किमतीची वस्तू होती, आणि त्यामुळे शरीराचा कोणता भाग झाकायचा आणि कोणाचे शरीर झाकले जायचे, हे दोन्ही प्रश्न अखेरपर्यंत एकमेकांत गुंतलेले राहिले.

हेस्टिंग्जच्या काळातील चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचे विणकाम होते. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची, तिची टोके चपटी करून एकमेकांवर आणायची, त्यांना छिद्र पाडून बारीक रिव्हेट, म्हणजे दोन्ही टोके चपटी करून पक्का बसवायचा खिळा, ठोकायचा आणि मग पुढची कडी घ्यायची. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या एका अंगरख्यासाठी अशा हजारो कड्या लागत. वजन साधारण १० ते १५ किलो भरे आणि ते जवळजवळ सगळे खांद्यांवर येई, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडा भार तिथे वळवला जाई. अशा जाळ्यावर तलवारीची धार सहसा घसरून जाते. परंतु जाळे लवचीक असल्यामुळे घावाचा दणका ते रोखत नाही. कातडी शाबूत राहूनही आतले हाड मोडू शकते. त्याचप्रमाणे अणकुचीदार टोक कडीत शिरले की ती फाकते. म्हणून चिलखताच्या आत, आणि पुष्कळदा चिलखताऐवजीही, कापसाचे किंवा चिंध्यांचे थर दाबून शिवलेला गोधडीसारखा जाड डगला घातला जाई.

या डगल्याची योग्यता कमी लेखू नये. ११९१ साली पॅलेस्टाइनमधील अर्सूफच्या वाटेवर सुलतान सलाहुद्दीनच्या धनुर्धरांनी क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धासाठी आलेल्या, सैन्यावर बाणांचा वर्षाव केला, तेव्हा सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन इब्न शद्दाद तिथे हजर होता, आणि पाठीत दहा-दहा बाण रुतलेले असतानाही ख्रिस्ती पायदळातील माणसे रांग न मोडता चालत होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, डगला आणि कड्या यांच्या जोडीने बाणाची टोके मांसापर्यंत पोहोचू दिली नव्हती.

ही जोडी प्रत्येकाच्या नशिबी नव्हती. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ साली काढलेल्या शस्त्रविषयक हुकुमात कोणी काय बाळगायचे हे ऐपतीप्रमाणे ठरवून दिलेले आहे : सरदारकीची जमीन धारण करणाऱ्याने कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला, १६ मार्कांची (मार्क हे तेव्हाचे हिशेबाचे चलन) जंगम मालमत्ता असलेल्या स्वतंत्र माणसानेही तेच, १० मार्कांच्या मालकाने हलके चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला, आणि बाकीच्या स्वतंत्र माणसांनी तो शिवलेला डगला, लोखंडी टोपी आणि भाला. राजाने एका परीने आपल्या प्रजेच्या अंगावरील उघड्या जागाच मोजून दिल्या होत्या, असे हा हुकूम वाचताना वाटते.

शिरस्त्राणाखालच्या आणि चिलखताआडच्या माणसाला दुरून गाठणारे पहिले नाव घेण्याजोगे हत्यार म्हणजे क्रॉसबो. लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले हे धनुष्य एकदा ताणून खाचेत अडकवले की नेम धरायला हवा तेवढा वेळ मिळे, आणि ते चालवायला वर्षानुवर्षांची तालीम लागत नसे. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने धनुर्धरांनी आणि क्रॉसबो चालवणाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांविरुद्ध आपली विद्या वापरू नये, असे फर्मान काढले. ते कोणी पाळले नाही. ११९९ साली फ्रान्समधील शालू येथील गढीला वेढा घातलेला असताना सिंहहृदयी म्हणून गाजलेला इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच हत्याराच्या बाणाने खांद्याला जखम होऊन, ती चिघळून मेला.

तेराव्या शतकापासून कड्यांवर पत्रे चढू लागले. आरंभी गुडघ्याच्या वाट्या आणि कोपर यांवर, मग छातीवर. छातीचे कवच अजून एकसंध नव्हते. कापडी किंवा कातडी बंडीच्या आतल्या बाजूने लोखंडाच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या असत आणि बाहेरून फक्त रिव्हेटांची डोकी दिसत. या टप्प्याविषयी आपल्याला जितकी खात्रीलायक माहिती आहे, तितकी आधीच्या कोणत्याही टप्प्याविषयी नाही, आणि तिचे कारण मोठे विदारक आहे. २७ जुलै १३६१ रोजी बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावर, विस्बी नगराच्या तटाबाहेर, डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या कसलेल्या सैन्याने बेटावरील शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल केली. नगराचे दरवाजे आतून बंद राहिले. भर उन्हाळा होता, प्रेते लवकर कुजू लागली असावीत, आणि त्यामुळे बाय्योच्या किनारीत दिसते तशी अंगावरची चिलखते उतरवून घेण्याचे काम पुरे न करताच शेकडो माणसे सामूहिक खड्ड्यांत लोटली गेली. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा ११०० हून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले. काही कवट्या कड्यांच्या टोपऱ्यात जशाच्या तशा होत्या, आणि कुजलेल्या बंड्यांचे पत्रे छातीच्या पिंजऱ्यावर पसरलेले होते. या फौजेत मुले होती, म्हातारे होते, जुन्या व्याधींनी अधू झालेली माणसेही होती, आणि ज्यांच्याजवळ चिलखत होते त्यांतल्या बऱ्याच जणांचे ते त्या काळच्या मानाने जुन्या घडणीचे होते.

अभ्यासकांना त्या हाडांवर एक गोष्ट वारंवार आढळली, ती म्हणजे नडगीवरचे घाव. ढाल छाती आणि मांड्या झाकते, वर डोक्यावर टोपी असते, पण गुडघ्याखालचा पाय ढालीच्या खालून उघडा राहतो. डेन्मार्कच्या भाडोत्री शिपायांना ते ठाऊक होते. घाव खाली घालायचा, माणूस कोसळला की डोक्याकडे वळायचे. ज्यांना पायांवर पत्रे परवडत होते, त्यांनी ते तोपर्यंत चढवले होते.

अर्थात पायदळ नेहमीच असे कापले जात नव्हते. ११ जुलै १३०२ रोजी आजच्या बेल्जियममधील कोर्ट्राय येथे फ्लँडर्स प्रांताच्या शहरांतील विणकर आणि इतर कारागीर लांब भाले आणि लोखंडी अणीचे जाड सोटे घेऊन चिखल-खंदकांमागे दाटीने उभे राहिले आणि त्यांनी फ्रेंच घोडदळाची दाणादाण उडवली. मेलेल्या सरदारांच्या टाचांवरून उतरवलेल्या सोनेरी आरांच्या ५०० जोड्या तिथल्या चर्चमध्ये टांगल्या गेल्या, असे सांगतात. पुढे स्विस डोंगराळ मुलखातील लोकांनी हॅल्बर्ड, म्हणजे लांब दांड्यावर कुऱ्हाड, अणी आणि आकडा एकत्र बसवलेले हत्यार, आणि नंतर पाईक नावाचे फार लांब भाले घेऊन हाच धडा पुन्हा गिरवला. बर्गंडीचा ड्यूक शार्ल १४७७ साली नान्सीपाशी त्यांच्यासमोरच पडला.

इंग्रजांच्या लाँगबोबद्दल इतके लिहिले गेले आहे, की त्या धनुष्याचा बाण कोणतेही कवच सहज भेदत असे, असा समज पसरून बसला आहे. धनुष्य भेदक होते यात शंका नाही. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेत शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. ती यू नावाच्या झाडाच्या लाकडाची, पुरुषभर उंचीहून लांब आहेत, आणि त्यांचा ताण १०० पौंडांच्या बराच पुढे जातो, असा अंदाज आहे. असा ताण खेचायला लहानपणापासून खांदे घडवावे लागत, म्हणूनच इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३६३ साली सुट्यांच्या दिवशी इतर खेळ सोडून धनुष्याचा सराव करण्याचा हुकूम सोडला. तथापि फ्रान्समधील प्वातिए येथे १३५६ साली इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेल्या लढाईत काय घडले ते पाहावे. फ्रेंच घोड्यांच्या छातीवर कवच असल्यामुळे समोरून सोडलेले बाण उडून जात होते, असे समकालीन इंग्रज इतिवृत्तात आले आहे. तेव्हा धनुर्धरांना बाजूला नेण्यात आले आणि त्यांनी घोड्यांच्या उघड्या मागच्या भागांवर नेम धरला. धनुष्याने कवच जिंकले ते बहुधा कवचाला वळसा घालून.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नखशिखान्त पोलादी पत्र्यांचे कवच तयार झाले. मिलानच्या मिसाल्या घराण्याचे कारखाने आणि जर्मनीत ऑग्सबर्ग व न्यूरेंबर्ग ही त्याची केंद्रे होती. यातले मर्म पत्र्याच्या जाडीत नव्हते, ती छातीवरही साधारण दोन मिलिमीटरच असे. मर्म होते ते पत्र्याला दिलेल्या गोलाईत, जिच्यामुळे अणी रुतण्याऐवजी निसटते, आणि पोलादाला पाणी देण्याच्या कसबात. पत्रा लालबुंद तापवून एकदम गार केला की तो कडक होतो, पण फार कडक झाला तर घाव बसताच तडकतो. म्हणून तो पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. हा बेत साधणे हेच कारागिराचे भांडवल होते. संपूर्ण कवच २० ते २५ किलोंचे असे, पण ते अंगभर वाटलेले आणि प्रत्येक सांध्याशी बेतलेले असे. सरदाराला घोड्यावर बसवायला यारी लागत असे ही कथा निव्वळ भाकडकथा आहे. फ्रान्सचा मार्शल बुसिको कवच घालून कोलांट्या मारी आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या आतल्या बाजूने केवळ हातांवर चढून जाई, असे त्याच्या चरित्रात आहे.

मात्र पायांवरचे वजन पावलागणिक उचलावे लागते. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी कवचाच्या प्रतिकृती घालून माणसांना चालवले तेव्हा चालण्याला लागणारी शक्ती दुपटीहून जास्त भरली. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी फ्रान्समधील अजिंकूर येथे रात्रभरच्या पावसाने चिखल झालेल्या नांगरटीतून, इंग्रजांच्या बाणांच्या माऱ्याखाली मान घालून चालत आलेल्या फ्रेंच सरदारांची स्थिती यावरून कळते. तो बुसिकोही त्या दिवशी कैद झाला.

कवच पुरे झाल्यावर ढालीचे काम उरले नाही आणि डावा हात मोकळा झाला. त्याबरोबर शस्त्रेही बदलली. रुंद, कापणारे पाते मागे पडून निमुळते, टोकाशी ताठ असे पाते पुढे आले. हातमोजा घातलेल्या हाताने पाते मध्यावर पकडून ते काखेत, जांघेत, शिरस्त्राणाच्या झडपेत, म्हणजे जिथे सांध्यापाशी अजून कड्यांचे जाळेच होते तिथे, खुपसायचे असे. नाहीतर लांब दांड्याचा परशू आणि हातोडा होताच. आपल्याकडे असे संपूर्ण पत्र्यांचे कवच रुळले नाही. कड्यांच्या जाळ्यात पत्रे गुंफलेले बख्तर आणि ढाल ही जोडी हिंदुस्थानात पुढे कितीतरी काळ टिकली. युरोपची सरळ पाती मात्र सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत राहिली आणि आपल्या मुठी बसवल्यावर त्यांना 'फिरंग' हे नाव पडले.

तोफेचे युरोपातील सर्वांत जुने चित्र १३२६ सालच्या एका इंग्रजी हस्तलिखितात आहे. फुलदाणीसारख्या आकाराच्या नळीतून गोळ्याऐवजी बाण सुटताना दाखवला आहे. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे तोफ मुख्यतः तटबंदीविरुद्ध वापरली गेली. १७ जुलै १४५३ रोजी फ्रान्समधील कास्तियाँ येथे फ्रेंच तोफांच्या छावणीवर चालून गेलेला वयोवृद्ध इंग्रज सेनापती टॅलबट मारला गेला. फ्रेंचांविरुद्ध पुन्हा कवच न घालण्याची शपथ घेतल्यावरच त्याची पूर्वी कैदेतून सुटका झाली होती आणि तो ती पाळत होता, असे सांगितले जाते. हाती धरायच्या तोड्याच्या बंदुकीने खरा निकाल लावला तो २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीतील पाव्हिया येथे. तिथे सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बंदूकधाऱ्यांनी फ्रान्सचे सर्वांत उंची कवच ल्यालेले घोडदळ लोळवले आणि राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला.

त्याने चिलखत लगेच नाहीसे झाले असे नाही. कारागिरांनी छातीचा पत्रा जाड केला, आणि तो विकण्यापूर्वी त्यावर स्वतःच गोळी झाडून तिचा खळगा तसाच ठेवू लागले. गिऱ्हाईक आधी तो खळगा पाही. परंतु छातीवर वाढलेले वजन कुठून तरी कमी करावे लागले आणि ते खालून सुरू झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी सर्वांत जड घोडेस्वाराचे कवचसुद्धा गुडघ्याशी संपत होते, आणि विस्बीच्या शेतकऱ्यांनी जिथे घाव खाल्ले होते त्या नडगीवर आता पत्र्याऐवजी कातडी बूट होते.